भिलाच्या जागेवर

हिंमतराव व्याह्यांच्या पत्राला रतिलालने उत्तर पाठवले नव्हते. कार्ड इंजिनघरातल्या कोनाड्यात, तेलाच्या कुपीमागे उभे करून ठेवलेले होते. सकाळी इंजिन तापवताना, दुपारी पट्ट्याला राळ लावताना त्याची नजर तिकडे जाई आणि चटका बसल्यासारखी माघारी येई.

पत्र त्याला तोंडपाठ झाले होते. ते काही मोठे नव्हते. 'सौ. सुंदर हिला सातवा महिना सरत आला. पहिली खेप माहेरी, अशी रीत आपणांस ठाऊक आहेच. तरी आखाजीच्या सणापूर्वी आपण मुराळी होऊन यावे व लेकीस घेऊन जावे. येणे होत नसल्यास तसे लिहावे, म्हणजे येथेच तजवीज करता येईल.' एवढे व्याह्यांच्या वळणदार अक्षरात. आणि त्याखाली, कार्डाच्या अगदी तळाशी, पाटीवर गिरवल्यासारख्या मोठ्या अक्षरांत एक ओळ होती: 'बाबा मले भ्याव वाटस. लवकर या.'

ती अक्षरे रतिलालनेच तिला शिकवली होती. गावी घर होते, सुंदरची आई होती, तेव्हाची गोष्ट. पुढे आई गेली, सुंदरचे ब्राह्मणपुरीला लग्न झाले, आणि रिकाम्या घरात एकट्याने बसून काय करायचे म्हणून रतिलाल कायमचाच कापसाच्या जिनाच्या आवारातल्या खोलीत येऊन राहिला. सुंदरला भ्याव कशाचे ते त्याला सांगावे लागत नव्हते. व्याह्यांच्या घरात तिची मोठी जाऊ पहिल्याच खेपेला, बाळंतपणात गेली होती. सुंदर उशाशी बसलेली होती. खोली तीच होती, सुईणही अजून तीच होती. 'येथेच तजवीज' या दोन शब्दांत एवढे सगळे होते.

'येतो' असे लिहायचे तर रजा हवी. रजा हवी तर हस्तीमल शेठपुढे उभे राहून तोंड उघडायला हवे. आणि 'येत नाही' असे लिहायला हात धजत नव्हता. म्हणून रतिलाल रोज म्हणे, उद्या शेठला विचारू आणि उद्याच लिहू.

"काय रे भिला, काय म्हणतंय इंजन?"

रतिलाल दचकला. हातातली राळ खाली पडली. इंजिनघराच्या दारात शेठ उभे होते. पांढरे धोतर, केशरी पगडी, हातात जोंधळ्याची पिशवी. सकाळची पूजा आटोपून ते जिनात येत, आधी अंगणात पारव्यांना दाणे टाकत आणि मग थेट इंजिनाकडे येत.

"बरं शे, शेठ."

"आज आवाज घोगरा येतोय. सर्दी झाल्यासारखा." शेठनी इंजिनाच्या पाठीवर हात ठेवला आणि मान कलती करून ऐकले. "रात्री झाकतोस ना नीट? वारं लागू देऊ नको."

"झाकस, शेठ."

"काळजी घे बाबा त्याची. चांगलं तेल घाल. कमी पडलं तर माग, लाजू नको."

हीच वेळ होती. रतिलालने धोतराच्या सोग्याला हात पुसले.  "शेठ, मन्ही एक अर्ज व्हती..."

"तेल ना? मुनीमजींना सांग." शेठ वळले आणि गेलेही.

रतिलालने खाली पडलेली राळ उचलली. पट्टा सटसट करत डोक्यावरून फिरत होता.

या भिला नावाची हकीकत अशी, की भिला हा इथला आधीचा इंजनवाला. एका सकाळी पट्टा चढवताना त्याच्या उपरण्याचे टोक अडकले आणि पट्ट्याने त्याला वर ओढून नेले. जीन दोन दिवस बंद राहिले, ते पट्टा नवा आणायचा होता म्हणून. तिसऱ्या दिवशी रतिलाल कामावर आला. तो गुजर शेतकऱ्याच्या घरचा; पण वाट्याला जमीन थोडी, भाऊ फार, म्हणून धुळ्याला राहून इंजिनाचे काम शिकलेला. पहिल्याच दुपारी शेठनी अंगणातून हाक मारली, "ए भिला!" रतिलालला वाटले, दुसऱ्या कोणाला असेल. शेठनी पुन्हा हाक मारली, या खेपेला रागाने. त्याच्या तोंडातून "ओ" निघून गेले.

त्या दिवशी सांगितले असते तर सांगता आले असते. दुसऱ्या दिवशी जरा अवघड झाले. महिन्याने अशक्य झाले. मुनीमजींनी हजेरीत भिला तसाच चालू ठेवला. नवी माणसे आली ती त्याला भिलाच म्हणू लागली. देवडीवरचा रायसिंग त्याला भिलाभाऊ म्हणे. फक्त टपालवाल्याला रतिलालने हळूच बाजूला घेऊन सांगून ठेवले होते, की रतिलालच्या नावाचे काही आले तर माझ्या हातात दे. अशी दहा-अकरा वर्षे गेली.

दिवसा त्याचे काही वाटत नसे. पण कधी कधी पट्टा चढवताना त्याच्या मनात येई, की मेल्या माणसाचे नाव आपण अंगावर घातले आहे, त्याच्या जागेवर उभे आहोत, त्याचे तेलकट फडके वापरतो आहोत. मग त्याच्या मरणाशिवाय राहिले काय? अशा वेळी तो उपरणे काढून खुंटीला टांगी आणि उघड्या अंगाने पट्टा चढवी. 

शेठ वाईट नव्हते, हे रतिलालही म्हणे. मुंगीवर पाय पडू नये म्हणून ते खाली बघून चालत. म्हाताऱ्या बैलांसाठी त्यांनी गावाबाहेर गोठा बांधून दिला होता. कोणाला शिवी देत नसत. फक्त माणूस फाटकाबाहेर गेला, की तो कुठे जातो, काय खातो, त्याला कोण आहे कोण नाही, हे विचारायचे असते असे त्यांच्या कधी ध्यानातच आले नव्हते.

जिनात रतिलालला त्याच्या नावाने हाक मारणारे एकच माणूस होते. दगूबाई. ती रेचांवर, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्रांवर, कपाशी घालणाऱ्या बायांमधली थोराड, तोंडाची फटकळ बाई होती. ती भिलाची बायको. नवरा गेल्यावर मुनीमजींनी तिला कामावर घेतले, आणि घेतल्या दिवसापासून शेठ तिच्यासमोर दुसऱ्याच माणसाला भिला म्हणून हाक मारत आले. बायकोने नवऱ्याचे नाव घ्यायचे नसते. म्हणून दगूबाईने पहिल्याच दिवशी त्याला खरे नाव विचारून घेतले होते.

"रतिलालभाऊ, इचारं का शेठले?" दुपारची भाकर घेऊन ती इंजिनघराच्या उंबऱ्यावर येऊन बसली. इंजिन दुपारीही बंद करत नसत. बाया पाळीपाळीने जेवत. त्यामुळे बोलायचे ते ओरडूनच.

"इचारणार व्हतू. शेठ घाईमां व्हता."

"कालदिन बी घाईमां व्हता. परवादिन बी." तिने कांदा बुक्कीने फोडला. "तू इंजनना घरजवाई शेस का रे भाऊ? सासरा सोडस नही?"

बाकीच्या दोघी-तिघी हसल्या. रतिलालही कसनुसा हसला.

"हसू नको. पोरले कितवा शे?"

"आठवा लागना."

"मंग? आखाजी चार दिनवर उनी. समद्या गावना पोरी माहेरले येई ऱ्हायन्यात. तुन्ही पोर वाट देखी ऱ्हायनी व्हई ना?" मग आवाज जरा खाली आणून म्हणाली, "खोलीनी चिंता करू नको. मन्हा घर आन तिले. मी करसू समदं. मन्हा हातखाल कैक पोरं व्हयनात."

"पन शेठनी कामवरथून काढी टाकं ते?"

"काढी ते काढी. बाप मुराळी गया म्हनीसनी काढं, अशे जगमां व्हयेल शे का?"

रतिलालने कोनाड्याकडे पाहिले. व्हयेल नसेल. पण नाही म्हणावे, असे तरी त्याने कोणाला पाहिले होते? रजा मागायला गेलेला माणूस त्याने शेठसमोर पाहिला होता, आणि शेठनी त्याला विचारले होते, 'मग रेच कोण चालवणार?' तो माणूस परत रेचाशी जाऊन उभा राहिला होता.  आणि रतिलाल तर इंजिन चालवणारा एकटा. कापसाच्या गाठी पावसाळ्याआधी स्टेशनावर जायच्या होत्या. त्याच्या डोळ्यांसमोर शेठचा चेहरा येई. चिडलेला नव्हे, नुसता गोंधळलेला, की हा माणूस मला हे का सांगतो आहे? त्या चेहऱ्याचीच त्याला जास्त धास्ती वाटे.

त्या चार दिवसांत त्याने दोनदा प्रयत्न केला. एकदा शेठ पारव्यांना दाणे टाकत होते, तेव्हा तो खांबापर्यंत गेला आणि परत आला. दुसऱ्यांदा शेठच म्हणाले, "काय भिला?" आणि तो म्हणाला, "काही नही, शेठ." अक्षय्य तृतीयेच्या, म्हणजे आखाजीच्या, सणासाठी नंदुरबारच्या रस्त्यांवरून बैलगाड्या यायला लागल्या होत्या. गाड्यांत माहेरवाशिणी, त्यांची गाणी, लाल-पिवळी लुगडी. जिनापुढच्या निंबाला कोणीतरी झोका बांधला.  रात्री रतिलाल खोलीत पडला की कानांत इंजिन चालूच राही. त्या आवाजातून मधेच 'बाबा' अशी हाक आल्यासारखी वाटे आणि तो उठून बसे.

आखाजीच्या आदल्या दिवशी रायसिंगला शेठनी गाठींबरोबर स्टेशनावर पाठवले होते. देवडीवर कोणी नव्हते. दुपारी दगूबाई भाकर घेऊन आली आणि उंबऱ्यावर बसता बसता म्हणाली,

"शेठना घर कोनी पाव्हनं उनं व्हतं का आज? मी कपाशीना ढीगवर व्हतू, तठून दिसनं. फाटकमां गाडी उभी व्हती. शेठ सोता बोलना गाडीवालासंगे. मंग गाडी फिरी गई."

"व्हई कोनी."

"गाडीमां पोटुशी पोर व्हती रे. उन्हमां बठेल. हिरवं लुगडं, मांडीवर पितळनी पेटी. मले वाईट वाटनं, पानी बी नही पेली बिचारी."

रतिलालच्या हातातली कुपी कलती झाली आणि तेल पायावर सांडले. "पेटी? कशी पेटी?"

"पितळनी. झाकनवर मोर..." दगूबाईचा घास तिथेच थांबला. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. "नही रे भाऊ."

ती पेटी लग्नात त्याने स्वतः नंदुरबारच्या बाजारातून घेऊन दिली होती.

चालू इंजिन सोडून रतिलाल बाहेर पडला. असे आजवर कधी झाले नव्हते. अंगण ओलांडताना पाय कुठे पडत होते ते त्याला कळत नव्हते. शेठ गादीवर लोडाला टेकून बसले होते.

"शेठ, सकायले कोनी उनं व्हतं का? गाडी लीसनी?"

"हां. ब्राह्मणपुरीचा कोणी होता." शेठनी आठवून सांगितले. त्यांची स्मरणशक्ती चांगली होती. "रतिलाल गुजर म्हणून कोणी विचारत होता. इंजनवर आहे म्हणे. मी सांगितलं, असा कोणी माणूस इथे नाही. तो ऐकेचना. म्हटलं, बाबा, जीन माझं आहे. इथला एकेक माणूस मला ठाऊक आहे."

"गाडीमां... गाडीमां कोन व्हतं, शेठ?"

"गाडीत? ते काही पाहिलं नाही." शेठ जरा थांबले. "बैल मात्र फार दमले होते. एकाच्या खांद्याला जखम होती. मी म्हटलं, हौदावर पाणी पाज आणि हळद लाव. का रे?"

  रतिलाल वळला आणि परत इंजिनघराकडे गेला. शेठनी मागून हाक मारली, "भिला! इंजनला काही झालं का?"

इंजिनघरात सगळे तसेच होते. पट्टा फिरत होता. कुपी आडवी पडली होती. कोनाड्यातले कार्ड आता उघडे दिसत होते. सुंदरने वाट पाहिली, उत्तर आले नाही. तेव्हा सगळी रीत मोडून ती स्वतः आली. आणि तो इथे, हाकेच्या अंतरावर, राळ घासत उभा होता. त्याला एकही हाक ऐकू आली नव्हती. आल्या हाकेला ओ द्यायला इथे रतिलाल नव्हताच.

त्याने कार्ड उचलून बंडीच्या खिशात घातले. मग तेलाचा कॉक फिरवला. मोठे चाक आधी काही ऐकेना. मग धापा टाकत मंदावत गेले आणि थांबले. पट्टा लोंबला. रेच एकामागून एक गप्प झाले. भर दुपारी, हंगामात, त्या जिनात एवढी शांतता कोणी कधी ऐकली नव्हती. बाया जागेवरून उठून उभ्या राहिल्या. कोणाला वाटले आग लागली, कोणाला वाटले पुन्हा कोणी पट्ट्यात गेले.

शेठ अनवाणीच धावत आले. खाली न बघता आले. "काय झालं? काय झालं इंजनला?"

"इंजनले काही व्हयेल नही, शेठ."  रतिलालने चाकाला धरले. "सकायले तो गाडीवाला ज्याले इचारत व्हता, तो मी शे. रतिलाल. गाडीमां मन्ही आंडेर व्हती, मन्ही पोर."

शेठ त्याच्याकडे पाहत राहिले. दहा-अकरा वर्षांत त्यांनी त्याच्या तोंडाकडे एवढा वेळ पाहिले नव्हते. तोच चेहरा होता, रतिलालला ज्याची धास्ती होती तो. चिडलेला नव्हे, गोंधळलेला.

"तू रतिलाल? मग भिला कोण?"

 दगूबाई बायांच्या पुढे उभी होती. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"मन्हा धनी व्हता तो, शेठ," ती म्हणाली. "अठेच गया."

 शेठनी वर पट्ट्याकडे पाहिले, मग दगूबाईकडे, मग पुन्हा रतिलालकडे. आणि मग जे विचारले ते खरोखर विचारण्यासारखेच होते. "मग मी हाक मारायचो तेव्हा तू ओ का देत होतास?"

रतिलालने खुंटीवरून उपरणे काढून खांद्यावर टाकले. "मी जास, शेठ," एवढेच तो म्हणाला.

"जातोस कुठे? बाकीच्या गाठी उद्या जायच्या आहेत. आधी इंजन चालू कर. मग सांजेला काय ते बघू." तो दारातून बाहेर पडला तेव्हा शेठचा आवाज चढला. "गेलास तर परत येऊ नको, सांगून ठेवतो!"

तापीकाठच्या प्रकाशे गावावरून ब्राह्मणपुरीला जाणाऱ्या रस्त्यावर आखाजीच्या गाड्या चालल्या होत्या. त्यातल्याच एकीने त्याला चढवून घेतले. गाडीत तिघी बहिणी होत्या, भाऊ मुराळी होऊन घेऊन चालला होता. त्या गात होत्या, एकमेकींच्या नवऱ्यांची नक्कल करून खिदळत होत्या. रतिलाल मागच्या फळीवर पाय सोडून बसला होता आणि गाडीचा एकेक दणका मोजत होता. याच चाकोरीतून ती आली. याच चाकोरीतून परत गेली. 

"कोनले आनाले चालनात, बाबा?" त्यातल्या एकीने विचारले.

"आंडेरले."

"मंग असं तोंड का बरं? देखा, रडी देशात!" आणि त्या पुन्हा हसल्या.

सूर्य कलला तेव्हा तापी दिसली. उन्हाळ्याने आटलेली, वाळूतून दोन-तीन धारांनी वाहणारी. धारा ओलांडल्यावर प्रकाशेच्या काठाला एक गाडी सोडलेली दिसली. एका बैलाच्या खांद्याला हळद लावलेली होती. रतिलाल गाडी थांबायच्या आतच उतरला.

सुंदर चाकाला टेकून वाळूत बसली होती. पितळेची पेटी जवळ. तिने त्याला येताना पाहिले आणि ती ओरडली नाही, उठली नाही. नुसती बघत राहिली. तिचे ओठ पांढरे पडले होते. गाडीवान डोंगरसिंग मात्र उभा राहिला आणि एक पाऊल मागे सरला.

"बाबा?" ती म्हणाली. "तुम्ही शेतस?"

"शे, बाई. मी शे."

"पत्रले उत्तर नही. जीनमां गऊत ते शेठ म्हने, अशा मानूस अठे नहीच. मले वाटनं..." 

डोंगरसिंगने खाली मान घालून सांगितले, "रस्ताभर रडत उनी ती. मी म्हनं, दुसरीकडे कोठे कामले गयात व्हतीन. ऐकेच ना. आम्ही तुम्हले गयेल धरीसनीच परत चालनूत, बाबा."

रतिलाल तिच्याजवळ गुडघ्यांवर बसला. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा त्याला कळले, की ती थरथरते आहे आणि ते रडण्याने नाही. तिने दातांत पदर धरला होता.

"कवधरनं दुखी ऱ्हायनं?"

"रस्तामां लागनं," ती म्हणाली. "बाबा, मले भ्याव वाटस."

काठावरच यात्रेकरूंची धर्मशाळा होती. तिथे झाडलोट करणारी धनुबाई म्हणून एक म्हातारी होती. तिने दारातच विचारायला सुरुवात केली. नाव काय बाबा तुमचं? गाव कोणतं? पोर कोणाची? आई शे का? कितवा महिना? नवरा काय करस? विचारता विचारता तिने चूल पेटवली, पाणी ठेवले, पुरुषांना बाहेर काढले. रतिलाल ओट्यावर बसला आणि सांगत राहिला. इतके प्रश्न त्याला आजवर कोणी विचारले नव्हते. आतून सुंदरचा आवाज येई आणि थांबे. थांबला की जास्त भीती वाटे. त्याला एकदा वाटले, आपण तिथे नसतोच तर बरे झाले असते. मग वाटले, आपण कुठेच नव्हतो, तेच तर झाले.

मुलगा झाला. दिवस भरायच्या आधी आलेला, ओंजळीत मावेल एवढा. तो एकदा रडला. धनुबाईने त्याला कापसात गुंडाळून टोपलीत, चुलीच्या उबेला ठेवले. पहाटे ती बाहेर आली आणि रतिलालच्या शेजारी बसली. हाताला चिकटलेला कापूस ती निवडत राहिली.

"सुंदर?" त्याने विचारले.

"ती शे. निजनी शे. तिले काही व्हत नही आते."

आखाजीच्या सकाळी त्याने आणि डोंगरसिंगने त्या मुलाला तापीच्या काठाला वाळूत ठेवले. कापूस तसाच गुंडाळलेला होता. रतिलालने वाळू हातांनीच ओढली. पलीकडच्या निंबाखाली पोरी झोक्यावर चढल्या होत्या आणि गौराईची गाणी पाण्यावरून ऐकू येत होती. डोंगरसिंगने मग ब्राह्मणपुरीला सांगावा घेऊन जावे असे ठरत होते, पण रतिलाल म्हणाला, "तू जाय, पन पोर बरी शे इतलंच सांग. बाकी मी लिखस. मन्हाकडथून एक पत्र जावाले पाहिजे."

दुसऱ्या दिवशी दुपारी रायसिंग आला. देवडीवरचा रायसिंग, घामाने भिजलेला. विचारत विचारत धर्मशाळेपर्यंत पोचला होता.

"भिलाभाऊ! बरं भेटनात. दगूबाईनी सांगं, प्रकाशेकडे गया व्हई म्हने. शेठनी बलायेल शे. इंजन चालू व्हत नही. शहादाथून मानूस आनं, त्याले बी जमनं नही."

"आजून काय म्हने शेठ?"

"म्हने, रागना भरमां बोलनू. परत ये म्हने. पगार बी वाढाई देसू."

रतिलालने विचारले, "पोरनं काही इचारं?"

रायसिंगने आठवून पाहिले. तो प्रामाणिक माणूस होता. "नही भाऊ. इंजननंच बोलना."

आत सुंदर भिंतीकडे तोंड करून पडली होती. धनुबाई तिला पेज भरवत होती, आणि ती एक घोट घेऊन नको म्हणत होती. रतिलालने तिकडे पाहिले. डोक्यात पुन्हा तेच जुने सुरू झाले. शेठ वाट बघतात, इंजिन बंद आहे, पगार वाढवतात, उठ. सवयीने त्याचा हात उपरण्याकडे गेलाही. ते त्याने खांद्यावरून काढले आणि घडी करून मांडीवर ठेवले.

"शेठले सांग," तो म्हणाला, "रतिलालनी आंडेर बाळंतीन शे. ती उठनी, हिंडाले-फिराले लागनी, का मंग देखसू."

"रतिलाल कोन?"

"मी."

रायसिंगने त्याच्याकडे पाहिले आणि मग डोके खाजवले. "आन् आम्ही इतला दिन..." तो म्हणाला. मग त्याला आतली पडलेली पोर दिसली, बाजूची रिकामी टोपली दिसली. जाताना त्याने चपला हातात घेतल्या आणि पायऱ्या उतरल्यावर घातल्या.

संध्याकाळी रतिलालने गावातून एक कार्ड आणले आणि ओट्यावर बसून लिहिले. हात तेलाला सरावलेला. टाक धरायला त्याला वेळ लागला.

'आपले पत्र पावले होते. उत्तरास उशीर झाला, तो माझा दोष. सौ. सुंदर प्रकाशे येथे माझ्याजवळ असून तिची प्रकृती ठीक आहे. मुलगा झाला होता. तो एक रात्र राहिला. आपण माहेरची रीत सांभाळण्यासाठी गाडी पाठविली, हे उपकार आहेत. तिला बरे वाटेपर्यंत मी येथून हलणार नाही. कळावे.' आणि त्याखाली नाव घातले. स्वतःचे, वडिलांचे, आडनावासकट. 'र' काढताना टाक अडला. मग चालला.

खाली दोन बोटे जागा त्याने तशीच ठेवली आणि कार्ड सुंदरपुढे धरले. तिने ते उशीवरूनच वाचले. सावकाश, ओठ हलवत, तो शिकवताना वाचायची तसे. टाक मात्र हातात घेतला नाही. वाचून झाल्यावर तिने कार्ड त्याच्याकडे परत दिले.

"धाडा, बाबा," ती म्हणाली.

टपालपेटी देवळाच्या वाटेवर होती. घाटावरून लोक परतत होते. रतिलालने कार्ड पेटीच्या तोंडाशी धरले आणि क्षणभर तसेच धरून ठेवले. कोणी मागून हाक मारील असे त्याला वाटले. मग सोडले. पेटी रिकामी असावी. इतक्या वर्षांच्या इंजिनाने अर्धे बधिर झालेल्या त्याच्या कानांना कार्ड तळाशी पडल्याचा आवाज ऐकू आला.